'सेकंड वाइन'ला 'दुय्यम' म्हणावं का?

उंबरठा: फ्रान्समधल्या बोर्दोच्या वाइनवरच्या लेखाचा अनुवाद करते आहे. 'सेकंड वाइन'ला मी 'दुय्यम वाइन' लिहिलं, संपादकांनी ते खोडून 'स्वस्त वाइन' केलं. मला दोन्ही खटकतात. नामवंत मळ्यात मुख्य वाइनसाठी उत्तम साठे निवडून झाले, की तरुण वेलींची वाइन आणि त्या मिश्रणात न बसलेले साठे वेगळ्या नावाने बाटलीत भरतात. शातो लातूर या मळ्याची (ला तूर म्हणजे बुरूज, आपल्या लातूरशी संबंध नाही) 'ले फोर द लातूर' अशीच, १९६६ च्या पिकापासूनची. करणारे हात तेच, किंमत बरीच कमी. शब्द सुचवा.

तिठा: दुय्यममध्ये वाईट काय? फारसीत त्याचा अर्थ 'दुसरा' एवढाच. दुय्यम निबंधकाने नोंदवलेलं खरेदीखत कमअस्सल ठरतं का? जमिनीसुद्धा अव्वल, दूम, सीम अशाच लावत.

पाणवठा: अहो, दूम म्हणजे कमी कसाचीच जमीन की! उदाहरण तुमच्यावरच उलटलं. शिवाय बोर्दोच्या मळ्यांच्या १८५५ च्या प्रतवारीत शातो मोंरोझ दुसऱ्या श्रेणीत आहे आणि त्याची स्वतःची सेकंड वाइनही आहे, 'ला दाम द मोंरोझ'. दोन्हीकडे दुय्यम लिहिलंत तर वाचकाने काय समजायचं?

रानवाट: आमच्या गावाकडे पहिल्या धारेची, दुसऱ्या धारेची म्हणतात. अस्सल मराठी शब्द असताना फारसी कशाला?

माड: धार भट्टीची असते. वाइन आंबवतात, तिची वाफ धरत नाहीत. आणि आमच्या गोव्यात पहिल्या उकळीचा उर्राक, त्यानंतरची फेणी. मान फेणीला! दुसरं ते हलकं, हे गृहीतच चूक आहे.

सांजवेळ: 'धाकटी पाती' म्हणा. देवासला पवारांच्या दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन्ही राजेच. फ्रेंचांनाही हेच सुचलं आहे: 'मुतों कादे' या बोर्दो वाइनच्या नावातला कादे म्हणजे धाकटा. धाकटी मुलं फौजेत जात, म्हणून आपला एनसीसीचा कॅडेटही तोच शब्द.

पाणवठा: शब्द सुंदर आहे, उदाहरण चुकलं. मुतों कादेसाठी बोर्दोभरच्या बागायतदारांचा माल घेतात, ती सेकंड वाइन नव्हे. मुतोंच्या मळ्यातली धाकटी म्हणजे 'ल पती मुतों'.

उंबरठा: 'धाकटी पाती' मला फार आवडलं. पण पंचविशीतल्या वाचकाला पाती म्हणजे कांद्याची, असं नाही ना वाटणार?

तिठा: वाटलं तर एक ओळ समजावून लिहा. अवघड म्हणून शब्द टाकत गेलो तर उरेल काय? माड, फेणी हा शब्द फेण म्हणजे फेस यावरूनच ना?

माड: हो. बाटली हलवली की वर जो फेस धरतो, त्यावरून.

रानवाट: मला नाही पटत. माझी आजी तांदळाच्या फेण्या वाफवून उन्हात घालायची. त्यात फेस कुठला?