आजी-आजोबांना घरी का ठेवायचं?

"स्की न करणाऱ्यांनी व्हिसलरला जाऊन हॉटेलात बसायचं का?" असं कॅनडातल्या या स्कीच्या गावी कुटुंबासह जाण्याच्या चर्चेत कुणीतरी विचारलंय, ते नाही पटलं. नुसतं फिरायचं तिकीट काढून गोंडोलाने (तारेवरून जाणाऱ्या बंद पाळण्याने) डोंगरावर जाता येतं. २००८ साली सुरू झालेला पीक टू पीक गोंडोला व्हिसलर आणि ब्लॅककोम या दोन डोंगरांमधलं ४.४ किलोमीटर अंतर पार करतो, खाली ४३६ मीटर खोल दरी. आमच्या सासूबाई उतरायलाच तयार नव्हत्या.

कपड्यांचं मात्र कुणीच बोललं नाही. गाव जेमतेम पावणेसातशे मीटर उंचीवर, त्यात पॅसिफिक जवळ. ऐन जानेवारीतही खाली पाऊस आणि वर बर्फ असं होतं. मुलांची जाकिटं नुसती उबदार नकोत, पाणी न शिरणारी हवीत. हातमोज्यांचा जास्तीचा जोड खिशात ठेवाच. ओले हातमोजे घातलेलं पोर स्की स्कूलमध्ये टिकत नाही, फी कितीही भरलेली असो.