[मंडळ-यादी] कार्डाची लिमिट वाढवून मागावी का? वसंतात घर घ्यायचंय

प्रेषक: मृ., फ्रीमॉन्ट
सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,
माझ्या नावावर एकच क्रेडिट कार्ड आहे. लिमिट ४,००० डॉलर, वय १४ महिने. स्टेटमेंट दरमहा १,८०० च्या आसपास येतं आणि पूर्ण भरलं जातं, उशीर एकदाही नाही. तरी क्रेडिट स्कोअरच्या अ‍ॅपमध्ये ‘युटिलायझेशन (लिमिटपैकी वापर) जास्त’ म्हणून लाल खूण दिसते. डिसेंबरची भारताची चार तिकिटं काढायची आहेत, सगळी मिळून सहा हजारांच्या घरात. वसंतात गृहकर्ज. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘लिमिट वाढवा’ असं बटण आहे. दाबावं का? मी एच-४ वर (नवऱ्याच्या वर्क व्हिसामुळे मिळालेला जोडीदाराचा व्हिसा) आहे, नोकरी नाही. उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहायचं?

---

प्रेषक: स. जो., प्लेझंटन (क्रेडिट रिस्क)
मंगळवार, सकाळी ६:५०

मृ.,
तुझे प्रश्न तीन आहेत आणि बटण एक, म्हणून गोंधळ होतोय. लाल खुणेला लिमिट वाढवणं हा उपाय आहेच, पण सगळ्यात सोपा नाही.

१,८०० भागिले ४,००० म्हणजे ४५ टक्के. हा आकडा बँक बहुधा स्टेटमेंट बंद होण्याच्या दिवशी क्रेडिट ब्यूरोंना (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थांना) कळवते. पैसे भरायची शेवटची तारीख त्यानंतर किमान २१ दिवसांनी येते. म्हणजे तू वेळेवर आणि पूर्ण भरतेस हे खरं, पण तोवर फोटो काढून झालेला असतो. स्टेटमेंट १७ तारखेला बंद होत असेल तर १३ तारखेलाच १,६०० भरून टाक. बँकेतून बँकेत पैसे पोचायला एक ते तीन कामाचे दिवस लागतात आणि शनिवार-रविवार त्यात मोजत नाहीत, म्हणून १६ च्या रात्री भरून उपयोग नाही. स्टेटमेंटवर २०० उरतील, म्हणजे ५ टक्के. शून्य करू नकोस. सगळ्याच कार्डांवर शून्य दिसलं तर फिकोत (बँका सर्रास बघतात त्या क्रेडिट स्कोअरमध्ये) उलट थोडे गुण कमी होऊ शकतात. मग उरलेले २०० नेहमीच्या तारखेला भर. हे विसरलीस तर मात्र सगळंच मुसळ केरात, कारण फिकोत वेळेवर भरण्याला ३५ टक्के वजन आहे आणि थकीत रकमेला ३०.

३० टक्क्यांच्या खाली ठेवा म्हणतात, ती काही लक्ष्मणरेषा नव्हे. २९ ला छान आणि ३१ ला धाडकन खाली असं होत नाही. उत्तम स्कोअरवाल्यांचं युटिलायझेशन एक आकडी असतं, एवढंच. शिवाय फिको ८ ला आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना मागच्या महिन्याचं युटिलायझेशन आठवत नाही. त्यामुळे हा खटाटोप दरमहा करायची गरज नाही, कर्जाचा अर्ज जाण्याआधीचे दोन महिने पुरे. फिको १० टी आणि व्हँटेजस्कोअर ४.० (फिकोसारखाच दुसऱ्या कंपनीचा स्कोअर) मागचे महिनेही बघतात, ते चलनात येतील तसा हा सल्ला जुना होईल. आणि फुकटच्या अ‍ॅपमध्ये दिसतो तो बऱ्याचदा व्हँटेजस्कोअर ३.० असतो. गृहकर्जवाले दुसराच आकडा बघतात, तेव्हा त्या लाल रंगाने घाबरायचं कारण नाही.

तिकिटांचं वेगळं आहे. सहा हजार चार हजारांत मावत नाहीत, तिथे लिमिटचा प्रश्न खरा आहे. दोन-दोन तिकिटं वेगळ्या बुकिंगमध्ये काढता येतात, पण मध्ये भरलेले पैसे बँक कधी कधी काही दिवस रोखून धरते आणि ‘उपलब्ध क्रेडिट’ लगेच मोकळं होत नाही. तेवढ्यात भाडं वाढतं. आगाऊ जास्त भरून कार्ड उणे करून ठेवणं मी तरी सुचवणार नाही. नव्या खात्यावर अचानक मोठा जमा आणि लगोलग मोठा खर्च दिसला की फसवणूक-तपासणीची यंत्रणा कार्ड थांबवते, नेमकं विमान कंपनीच्या पानावर असताना.

— स. जो.

---

प्रेषक: वि. का., एडिसन (गृहकर्ज)
मंगळवार, सकाळी ८:२५

स. जो. यांचं बरोबर आहे, पण मला आधी एक विचारायचंय: कर्ज कुणाच्या नावावर घेताय?

उत्पन्न एकट्या नवऱ्याचं असेल आणि तेवढ्यात कर्ज बसत असेल, तर मृ.चं नाव कर्जावर असायलाच हवं असं नाही. घराच्या मालकीत नाव वेगळं घालता येतं. साध्या कन्व्हेन्शनल (सरकारी विमा नसलेल्या) कर्जात जो कर्जावर नाही त्याचा स्कोअर बघितला जात नाही. दोघांची नावं घातलीत तर मात्र व्याजदर ठरवताना सहसा दोघांपैकी कमी स्कोअर धरतात, म्हणजे १४ महिन्यांच्या कार्डाचा. एक अपवाद: तुमचं फ्रीमॉन्ट कॅलिफोर्नियात आहे, आणि ते कम्युनिटी प्रॉपर्टीचं राज्य आहे, म्हणजे लग्नानंतरची कमाई आणि देणी सहसा दोघांची धरतात. तिथे एफएचए (सरकारी विम्याचं) कर्ज घेतलं तर कर्जावर नसलेल्या जोडीदाराचीही देणी मोजतात. स्कोअर नाही, फक्त देणी.

लिमिट जास्त असली की कर्ज कमी मिळतं, हा गैरसमज दर गणपतीत हॉलच्या दारात एकदा तरी ऐकू येतो. उत्पन्नाच्या तुलनेत देणी मोजताना आम्ही कार्डाचा किमान मासिक हप्ता धरतो, लिमिट नाही. रिपोर्टवर हप्ता नसेल तर फॅनी मेच्या (बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्थेच्या) नियमाने बॅलन्सच्या ५ टक्के. रिकामी पडलेली लिमिट या हिशेबात कुठेच येत नाही.

आम्हाला नको असते ती हार्ड इन्क्वायरी, म्हणजे नवं कर्ज मागितल्यावर बँकेने रिपोर्ट तपासल्याची नोंद. गुण फार जात नाहीत, बहुतेकांचे पाचाच्या आत. ती रिपोर्टवर दोन वर्षं दिसते, फिको मात्र बाराच महिने मोजतो. त्रास कागदांचा होतो. अर्जाच्या आधीच्या तीन-चार महिन्यांतली प्रत्येक चौकशी कशासाठी होती आणि त्यातून नवं कर्ज निघालं का, याचं सहीचं पत्र द्यावं लागतं. म्हणून लिमिट मागायचीच तर आत्ता मागा. जानेवारीनंतर घर हातात येईपर्यंत काहीही मागू नका. दुकानात सोफ्यावर ‘आज १५ टक्के सूट’ देणारं कार्डसुद्धा नको.

— वि. का.

---

प्रेषक: रो., सनीव्हेल
मंगळवार, दुपारी १२:४०

उत्पन्नाच्या रकान्याबद्दल.

मृ. ताई, वय २१ किंवा जास्त असेल तर जोडीदाराचं उत्पन्न लिहिता येतं. २०१३ साली रेग्युलेशन झेडमध्ये (कार्ड आणि कर्जांच्या केंद्रीय नियमात) तसा बदल झाला, घर सांभाळणाऱ्यांना स्वतःच्या नावावर कार्ड मिळत नव्हतं म्हणून. अट एवढीच की त्या पैशापर्यंत तुमचा हात खरोखर पोचत असावा: पगार जॉइंट खात्यात जमा होतो, किंवा तुमच्या खात्यात नियमित येतो, किंवा त्यातून तुमचे खर्च नेहमी भागतात. व्हिसा एच-४ आहे की आणखी कुठला, याचा या नियमाशी संबंध नाही.

लिहायचं ते वर्षाचं आणि कर कापण्याआधीचं. पुष्कळ जण हातात पडणाऱ्या पगाराला १२ ने गुणतात आणि आपणच आपलं उत्पन्न कमी दाखवतात. बोनस मिळालेला असेल तोच धरा. अजून हातात न आलेले आरएसयू (कंपनीकडून मिळायचे शेअर) धरू नका. फुगवून लिहू नका: केंद्रीय विमा असलेल्या बँकेला कर्जासाठी जाणूनबुजून खोटं सांगणं हा संघीय गुन्हा आहे, आणि बँक ४५०६-सी फॉर्मवर सही घेऊन आयआरएसकडून (कर खात्याकडून) विवरणपत्राची माहिती थेट मागवू शकते.

बटण दाबण्याआधी चॅटवर किंवा सुरक्षित संदेशात एकच प्रश्न विचारा: ‘ही विनंती केल्यास हार्ड इन्क्वायरी होईल का, आणि कोणत्या ब्यूरोकडे?’ उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. कॅपिटल वन बँक फक्त सॉफ्ट (स्कोअरला धक्का न लावणारी) चौकशी करते असं त्यांच्याच पानावर लिहिलेलं आहे. काही बँका आधी सॉफ्टवर निर्णय देतात आणि जास्त हवं असेल तर हार्डसाठी वेगळी संमती मागतात, तिथे ‘नाही’ म्हणता येतं. काहींकडे ठरावीक रकमेच्या वर मागितलं की सॉफ्टचं हार्ड होऊ शकतं. म्हणून तोंडाला येईल तो आकडा टाकू नका. सहा हजारांची तिकिटं आणि महिन्याचे १,८०० धरले तर ८,००० मागणं समजण्यासारखं आहे, २५,००० नाही.

— रो.

---

प्रेषक: प. कु., ह्यूस्टन
मंगळवार, संध्याकाळी ७:०५

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे मला अजून पटतं. लिमिट दुप्पट म्हणजे चोराची चैन दुप्पट. शिवाय मागूनही नाही म्हणाले तर?

---

प्रेषक: स. जो., प्लेझंटन
मंगळवार, रात्री ९:३०

काका, चोरीपुरतं तरी उलट आहे. क्रेडिट कार्डाच्या गैरवापरात ग्राहकावर कायद्याने जास्तीत जास्त ५० डॉलरची जबाबदारी येते, लिमिट कितीही असो. डेबिट कार्डात तक्रारीला उशीर झाला तर हा आकडा वाढत जातो आणि दरम्यान खात्यातले आपलेच पैसे गेलेले असतात. पाय पसरण्याबद्दल मात्र तुमचं म्हणणं मान्य. २२ टक्के व्याजाने ५,००० मागे राहिले तर महिन्याला साधारण ९२ डॉलर नुसतं व्याज. ज्यांचं स्टेटमेंट पूर्ण भरलं जात नाही त्यांनी लिमिट मागूच नये, हे मी कुणालाही सांगेन.

नाही म्हणाले तर ३० दिवसांत कारणांसकट पत्र द्यावं लागतं. ते फेकू नका. ‘खातं नवीन’ किंवा ‘नुकतीच वाढ दिली’ असेल तर सहा महिने थांबायचं. ‘उत्पन्न अपुरं’ असेल तर लिहिलेला आकडा तपासायचा. ‘वापर कमी’ हेही कारण असतं: ४,००० च्या कार्डावर महिना ८० डॉलर खर्च करणाऱ्याला बँक ८,००० कशाला देईल? मृ.च्या बाबतीत ते येणार नाही. लवकर भरल्यामुळे ब्यूरोला २०० दिसले तरी स्वतःच्या कार्डावर १,८०० फिरले हे बँकेला दिसतंच. नकार ब्यूरोच्या रिपोर्टवरून असेल तर ६० दिवसांत त्या ब्यूरोकडून रिपोर्ट फुकट मागता येतो. पत्ता चुकलाय का, दुसऱ्या कुणाचं खातं चिकटलंय का, ते त्यात बघायचं. सारख्या आडनावांच्या आपल्या लोकांत हे होतं.

आणखी एक. अ‍ॅपच्या प्रोफाइलमध्ये उत्पन्न अद्ययावत ठेवलं तर बँक कधी कधी न मागताही वाढवून देते. भारतात रिझर्व्ह बँकेचे निर्देश त्यासाठी ग्राहकाची स्पष्ट संमती मागतात, इथे बँक आपणहून वाढवते आणि मग कळवते. नको असेल तर कमी करायला सांगता येतं.

(खजिनदारांसाठी: दिवाळीच्या हॉलची अनामत स्वतःच्या कार्डावर भरता तेव्हा ती तुमच्याच युटिलायझेशनमध्ये मोजली जाते. मंडळाचा चेक स्टेटमेंटच्या तारखेआधी घेत जा.)

— स. जो.

---

प्रेषक: मृ., फ्रीमॉन्ट
बुधवार, सकाळी ११:१५

सगळ्यांचे आभार. कर्ज फक्त नवऱ्याच्या नावावर, कन्व्हेन्शनल. चॅटवर विचारलं, ‘सॉफ्ट’ असं लेखी उत्तर आलं, स्क्रीनशॉट ठेवला. १३ ला १,६०० भरते आणि १७ चं स्टेटमेंट निघाल्यावर आठवड्याने ८,००० मागते. फॉर्ममध्ये घराचा मासिक खर्च विचारलाय: भाडं २,९०० लिहू की गॅरेजचे १५० धरून?

---

प्रेषक: रो., सनीव्हेल
बुधवार, सकाळी ११:२२

लीजमध्ये दोन्ही एकत्र असेल तर ३,०५०.