पेस्ट कंट्रोलवाला बोलवावा की घरीच निस्तरावं?

ऐरोलीकर: तळमजल्याचा फ्लॅट. ओट्याखाली बारकी झुरळं, बेडरूमच्या चौकटीवर मातीची रेघ. दोन्हींचं पॅकेज घ्यावं का?

कोपरीवाला: झुरळांसाठी कशाला? डोक्यामागे दोन काळ्या रेघा असतील तर ती जर्मन झुरळं. फिप्रोनिल या कीटकनाशकाचं ०.०५ टक्क्याचं जेल मसुराएवढ्या ठिपक्यांत बिजागरीच्या आत, सिंकखाली, फ्रिजच्या मोटरजवळ लावा. आणि स्प्रे बंद! त्या वासाने झुरळं जेलकडे फिरकत नाहीत, मग लोक जेलच्या नावाने बोंबलतात. अंड्यांच्या एका पिशवीतून ३०-४० पिल्लं निघतात, म्हणून १५ दिवसांनी पुन्हा लावा.

नेरुळचा: चौकटीवरची रेघ म्हणजे वाळवी. खरवडून रॉकेल मारलंत तर दुसरीकडून निघेल, वसाहत जमिनीत असते. इथे मात्र माणूस बोलवाच. भिंत-फरशीच्या सांध्यात फूटफूट अंतरावर १२ मिमीची भोकं, दर भोकात लिटरपर्यंत वाळवीनाशक द्रावण, मग पांढऱ्या सिमेंटने बुजवायची. नुसती फवारणी करून निघाला तर पैसे देऊ नका. लायसन्स बघा, औषधाची सीलबंद बाटली समोर फोडायला लावा.

ऐरोलीकर: ड्रिल पाइपात घुसलं तर?

नेरुळचा: आतल्या पाइपांची, वायरिंगची लाइन आधीच खडूने आखून द्या.