खर्रा ‘धूर नाही म्हणून सौम्य’? काहीही!

सीताबर्डीकर: शेजारच्या धाग्यावर एकाने छातीठोकपणे लिहिलंय, ‘खर्रा पोटात जातो, फुफ्फुसात नाही, म्हणून व्यसनही हलकं.’ अहो, खर्रा म्हणजे तंबाखू, सुपारी अन् चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून गालात धरायचा. पोटातून चढतंय कोणाला? गिळलेलं निकोटीन आतड्यातून आधी यकृतात जातं, बरंचसं तिथेच मोडतं. खर्रा चढतो गालाच्या आतल्या अस्तरातून, आणि ते चुन्याचं काम. लाळ अल्कधर्मी झाली की निकोटीन अस्तर ओलांडून थेट रक्तात. पन्नीत घोटताना चुना विसरा, मग सांगा किती किक बसते.

ऑरेंजसिटी: अर्धंच सांगितलं. धुरातलं निकोटीन १०-२० सेकंदांत मेंदूत पोचतं, गालातल्याची रक्तातली पातळी शिखरावर यायला अर्धा तास लागतो. चटक झटक्याच्या वेगावर लागते. म्हणजे तो माणूस तेवढा चूक नाही.

सीताबर्डीकर: वेग मान्य, घ्या. पण सिगारेट पाच मिनिटांत विझते, खर्रा तासभर गालात असतो. निकोटीन रक्तातून निम्मं व्हायला दोनेक तास लागतात, त्याआधीच दुसरी पुडी सुटते. मेंदूला सुटी कधी?

दाढदुखी: निकोटीन, निकोटीन काय लावलंय बे? सुपारीचं कोणी बोलतच नाही! त्यातल्या अरेकोलीनने अस्तराखाली तंतू साचतात, गाल ताठ होतात. आधी सावजी रस्सा झोंबायला लागतो, मग तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत. सुपारी सोडली तरी आखडलेलं तोंड सहसा मोकळं होत नाही.

वऱ्हाडी_ठेचा: आमच्याकडे साधी सुपारी खातात, तंबाखू नाही. त्यालाही नावं ठेवा आता.

दाढदुखी: ठेवतो ना. नुसती सुपारीही कर्करोगकारक, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या यादीत पहिल्या गटात आहे. २०१२ला गुटखाबंदी झाली, तरी टपरीवरचा खर्रा चालूच. त्यावर कोण बोलणार?

ऑरेंजसिटी: प्रश्न निकोटीन कोणत्या मार्गाने अंगात जातं याचा होता, भाऊ. सरकारचा नाही.

दाढदुखी: मार्गाचंच घ्या मग. सोडायला निकोटीन गम देतात, लोक तो खर्ऱ्यासारखा सपासप चघळतात. रस पोटात जातो, उचक्या लागतात, जळजळ होते, तलफ तशीच. झिणझिण्या येईस्तोवर सावकाश चावा, मग गाल-हिरडीत दाबून ठेवा, ओसरलं की पुन्हा. अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत कॉफी, कोल्ड्रिंक, संत्र्याचा रस बंद. आंबट लाळेत निकोटीन अस्तर ओलांडत नाही.

सीताबर्डीकर: म्हणजे माझा चुन्याचाच मुद्दा, फक्त उलटा. आभार!

दाढदुखी: खुश राहा. फक्त ज्याचा जबडा आधीच आखडलाय त्याला गम चघळायला लावू नका. त्याच्यासाठी कातडीवर चिकटवायची निकोटीनची पट्टी. तिच्यातलं निकोटीन हळू उतरतं, चढायला काही तास लागतात, झटका नाही. ताकद किती मिलिग्रॅमची, ते डॉक्टरला ठरवू द्या, टपरीवाल्याला नाही.