कैदी अमेरिकेला नेणारे व्यापारी: काय वाचू, कुठून सुरुवात करू?

गोदाकाठ:
दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. ऑस्ट्रेलियाच्या आधी इंग्लंडमधले कैदी अमेरिकेत पाठवले जायचे आणि ते काम व्यापारी करायचे, हा विषय. ऑस्ट्रेलियावर ढीगभर सापडतं, यावर फुटकळच. नेटवर फुकट मिळेल असं काही सुचवा. सुरुवात कुठून करू?

निवांत:
काळ्या पाण्यासारखंच ना? मग सेल्युलर जेलपासून करा, वाचक लगेच आत येईल.

जुनी वही:
निवांत, तिथून नको. अंदमानात वसाहत सरकारची, पहाराही सरकारचा. इथे कैदी जहाजावर चढला की पुढचं सगळं व्यापाऱ्याच्या हातात.

गोदाकाठताई, पैशापासून सुरुवात करा. कैद्यांना अमेरिकेत पाठवण्याचा कायदा १७१८ चा. त्यानंतर १७७५ पर्यंत सुमारे ५०,००० माणसं गेली, बहुतेक मेरीलँड आणि व्हर्जिनियात. लंडनच्या जोनाथन फॉरवर्ड या व्यापाऱ्याला सुरुवातीला न्यूगेट तुरुंगातल्या दर कैद्यामागे ३ पौंड आणि बाहेरच्या तुरुंगांतल्या कैद्यामागे ५ पौंड सरकारी खजिन्यातून मिळायचे. तिकडे कैदी विकून मिळतील ते वर. परतीला जहाजात तंबाखू! घेणाऱ्याला कैद्याची मजुरी मिळायची, बहुतेकदा सात वर्षांची. लोहार-सुतारांना चांगला भाव. म्हातारे, आजारी मागे उरायचे. उरलेला लॉट घाऊक घेऊन आतल्या भागात हिंडून विकणारे दलालही होते. आणि गंमत बघा, ज्याच्याकडे पैसा असेल तो व्यापाऱ्याला रक्कम मोजून उतरल्याउतरल्या मोकळा. मुदतीआधी इंग्लंडात परत सापडला तर मात्र फाशी.

लंडनच्या ओल्ड बेली कोर्टातले खटले नेटवर मोफत आहेत, शिक्षेच्या प्रकारानुसार शोधता येतात. पण ते लंडन आणि मिडलसेक्सपुरतेच. तेवढ्यावर लेख बेतला तर ब्रिस्टल सुटेल. तिथल्या स्टीव्हन्सन, रँडॉल्फ आणि चेस्टन या पेढीचा व्यापार मोठा होता.

खारा वारा:
पळून गेलेल्या कैद्यांच्या जाहिराती वाचाच. 'व्हर्जिनिया गॅझेट' या तिथल्या वर्तमानपत्रात भरपूर आहेत. मालक वर्णन देतो: अंगावरचे कपडे, चेहऱ्यावरचा वण, बोलण्याची ढब, येत असलेलं काम. खटल्यात माणूस चार ओळींत उरकलेला असतो, इथे तो डोळ्यांसमोर उभा राहतो. मालकाला तो परत हवा असतो ना, म्हणून इतकं बारीक लिहितो. शिवाय १७५१ मधला बेंजामिन फ्रँकलिनचा टोमणा घ्या: तुम्ही गुन्हेगार पाठवता, आम्ही बदल्यात रॅटलस्नेक (विषारी साप) पाठवतो.

निवांत:
हे भारी आहे. सेल्युलर जेल मागे घेतो.

गोदाकाठ:
जाहिरातींचं लक्षातच आलं नव्हतं. शेवट १७७५ ला करू? अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं तिथे?

जुनी वही:
कैदी नेणाऱ्या डंकन कँबेल या व्यापाऱ्याला धरा, मग थोडं पुढे जावं लागेल. १७७२ मध्ये सरकारी पैसा थांबला, तरी त्याचा धंदा चालूच होता. म्हणजे नुसत्या विक्रीवर भागत होतं! युद्धाने तो मार्ग बंद झाला. मग १७७६ मध्ये टेम्स नदीत जुनी जहाजं नांगरून त्यांत कैदी ठेवायला लागले, आणि त्याचंही कंत्राट कँबेललाच.

खारा वारा:
अमेरिका स्वतंत्र झाल्यावरही १७८३ मध्ये एक जहाज मेरीलँडला पाठवलं होतं. त्यावर एक चौकट होईल. ऑस्ट्रेलियाला कैदी नेणारा पहिला ताफा १७८७ चा, तो एका वाक्यात आटपा.