हँड ब्लेंडरचं स्केच भारी, मॉडेल मात्र बेढब... काय चुकतंय?

डोंबिवली_फास्ट:
नमस्कार मंडळी, प्रॉडक्ट डिझाईनच्या दुसऱ्या वर्षाला आहे, असाइनमेंट हँड ब्लेंडरची आहे. आठवडाभर स्केचेस काढली, सर पण बरं म्हणाले, मग थर्माकोलचं मॉडेल कापलं तर दांडा एवढा जाड की आईच्या मुठीत मावेना. वर चकाचक दिसावं म्हणून स्प्रे मारला तर थर्माकोल विरघळून खड्डेच पडले, रात्रीचे दोन वाजलेले, रडायचंच बाकी होतं. बुधवारी सबमिशन. सरळ थ्रीडी प्रिंट काढू का?

भुसा_आणि_फेविकॉल:
स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं रे, आमच्या बॅचमध्ये प्रत्येकाचं एकदा तरी झालंय. पीयू फोम (पॉलियुरेथेनचा कडक फोम) घे, तो स्प्रेला दाद देत नाही, फक्त त्याची भोकं पुट्टीने बुजवून घासावी लागतात, आधी १२० चा पॉलिश पेपर, मग २२०, मग ४००. मास्क लावूनच घास, ती धूळ वाईट. आणि पावसाळ्यात पुट्टी सुकायला वेळ घेते, मंगळवारी रात्री लावलीस तर बुधवारी ओलं मॉडेल घेऊन लोकलमध्ये चढशील.

पवईची_ताई:
अरे पण जाडीचं काय? स्केच ए४ वर तिरकं काढलं असशील. पर्स्पेक्टिव्हमध्ये दांडा बारीक दाखवता येतो आणि आपण नकळत दाखवतोच, पेन्सिल थापा मारते. साइड व्ह्यू आणि टॉप व्ह्यू खऱ्या मापात काढ, एकास एक. दोन्ही प्रिंट फोमच्या ठोकळ्याच्या दोन बाजूंना चिकटव, आधी साइडचा आकार काप, कापलेले तुकडे टेपने परत जागेवर लाव (हे लोक विसरतात, मग दुसरी रेघच उरत नाही) आणि मग टॉपचा काप. दांडा ३० ते ४० मिलीमीटरच्या आसपास ठेवून बघ, आईला डोळे मिटून धरायला सांग.

भुसा_आणि_फेविकॉल:
+१. ताई, याच्या एलिप्सचं (जारचं गोल तोंड तिरकं बघितलं की दिसतो तो लंबगोल) पण बोला, प्रोफाइलवरचं स्केच बघितलं, जार वाकडा वाटतोय.

पवईची_ताई:
हो, बघितला. जारच्या मधून जाणारी रेघ आधी काढ, एलिप्सचा छोटा अक्ष (अरुंद बाजूने मधून जाणारी रेघ) त्याच रेघेवर पडला पाहिजे, जार आडवा झोपवलास तरी. आणि खालचा एलिप्स वरच्यापेक्षा जरा गोल, कारण तो डोळ्यापासून जास्त खाली असतो.

ठाणेकर_मेकर:
थ्रीडी प्रिंटला अगदीच बाजूला टाकू नका हो, ब्लेडचा सांधा नीट बसतो का हे फोमवर कळत नाही, तिथे प्रिंटच लागतो. पण दांड्यासाठी नको. प्रिंटला तासन् तास जाणार, वर लेयरच्या रेघा घासायच्याच आहेत, फोमवर अंगठ्याची जागा पाच मिनिटांत बदलता येते.

डोंबिवली_फास्ट:
ताई, दादा, थँक्यू!! फोम आणला, ३४ ला आलोय. आई म्हणते बटण अंगठ्याला लांब पडतंय. परत कापतो.