ट्यूबलेसमधलं सीलंट पाच महिन्यांच्या आत सुकलं, आता काय करू?

दिग्रसचा मास्तर

मंडळी, मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दिग्रसपासून गाव १३ किलोमीटर, त्यातले शेवटचे ४ पांदण रस्त्याचे. दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला जाऊन सायकल ट्यूबलेस करून आणली, म्हणजे ट्यूब काढून टायरातच भोक बुजवणारा पातळ द्रव, सीलंट, ओतून. चाक २९ इंची, टायर सव्वादोन इंची. कारण एकच, बाभूळ. पांदणीच्या दोन्ही अंगाला काट्याचं कुंपण, आणि बंडीवरून काट्या नेताना निम्म्या रस्त्यातच सांडतात. ट्यूब होती तेव्हा आठवड्याला दोन पंचर ठरलेले. पोट्टे मला ‘पंचरवाले सर’ म्हणायला लागले होते.

फेब्रुवारीपर्यंत मजा होती. काटा उपसायचा, पांढरा थेंब यायचा, चाक दोनदा फिरवलं की बंद. मागच्या आठवड्यात साधा सराट्याचा काटा रुतला, काढला, आणि हवा गेली ती गेलीच. भर उन्हात सायकल ढकलत शाळा गाठली. घरी टायर उघडला तर आत ओल नावाला नाही. सगळीकडे सायीसारखा पापुद्रा, आणि बोराएवढा एक रबरी गोळा. दुकानदार म्हणाला होता, सहा महिने बघायचं काम नाही. अजून पाचही झाले नाहीत.

जुना पापुद्रा खरवडून काढायचा, की वरूनच नवीन ओतायचं? मोटारसायकलच्या ट्यूबमध्ये भरतात तो हिरवा चिकट द्रव चालेल का? तो इथे लगेच मिळतो. आणि माझ्याकडे साधा उभा पंप आहे, त्यानं टायर रिमवर बसेल?

पऱ्हाटी

सर, राम राम. माह्यं परतवाड्याले सायकलचं दुकान हाये. चिखलदऱ्याचा घाट चढणारे पोट्टे माह्याकडेच येतात, म्हून सांगतो.

दुकानदार खोटं नाही बोलला, पण थे सहा महिने थंड्या गावाचे. सीलंट म्हणजे रबराच्या झाडाचा चीक, पाणी, अन् चीक जमू नये म्हून अमोनिया. बाटली उघडल्यावर नाकाले झोंबते ना, थोच. छिद्रातून हवा बाहेर धावली का चिकाचे कण तिथं गर्दी करतात अन् बूच बसते. पण पाणीच उडालं तर धावणार काय? १९९९ मध्ये यूएसटी नावाचे ट्यूबलेस टायर आले, थे आतून हवाबंद होते, सीलंट नसलं तरी चालत. आताचे ‘ट्यूबलेस रेडी’ टायर हलके, त्यायच्या भिंतीतून हवा झिरपते अन् वाफही. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर, अन् तुमची सायकल दिवसभर शाळेच्या टिनाखाली उभी असन. दोन महिने निंघाले तरी लय झालं.

मी गिऱ्हाइकाले असं सांगतो: पोळा, दिवाळी, संक्रांत, अन् होळीपासून मृगापर्यंत दर महिन्याले पाहा. त्यासाठी टायर खोलायची गरज नाही. चाक फिरवून व्हॉल्व्ह एका बाजूले आणा अन् हवा सोडा (खाली ठेवून सोडली तर शर्ट खराब, मंग घरी बोलणे खा). मंग व्हॉल्व्ह तळाले आणा, आतला कोर (हवा अडवणारा बारीक भाग) फिरवून काढा अन् बारीक झिप टाय आत घाला. टोक ओलं आलं तर हाये, कोरडं आलं तर नाही.

पापुद्रा टायरले घट्ट बसला असन तर राहू द्या, काही ग्रॅमचं वजन. सुटलेला तेवढा बोटानं सोला, गोळा फेका. तुमच्या टायरले नव्यानं भरताना १०० ते १२० मिली, नंतर दर वेळी ५०-६०. बाटली जोरात हालवा, कामाचा गाळ खालीच बसते. अन् एका कंपनीच्या सीलंटात दुसरीचं ओतू नका, कधीकधी फुटून दही होते. सिरिंज गुराच्या डाक्टरकडून ५० मिलीची आणा, व्हॉल्व्हवर घट्ट बसन अशी नळी लावा. कोरच चिकानं बुजला असन तर नवा टाका, दोन पदराले ठेवा.

हिरवा द्रव ट्यूबसाठीचा. थो लवकर सुकत नाही हे खरं, पण जमतही नाही. रिम-टायरची फट अन् भिंतीचे बारीक छिद्रं त्यानं बंद होत नाहीत.

मुळशीकर

माझं सीलंट पाच-सहा महिने आरामात टिकतं, त्यामुळे दर महिन्याला तपासणं मला जरा अतीच वाटतं. टायर बसवायला सीओटू काडतूस (दाबून भरलेल्या कार्बन डायऑक्साइडची छोटी नळी) वापरा, एका दमात बसतो.

पऱ्हाटी

दादा, तुमच्याकडं पाऊस किती अन् आमच्याकडं ऊन किती, थे पाहा. अन् काडतूस रस्त्यावर अडले तरच. त्या वायूनं बऱ्याच सीलंटांचा चीक फाटते, घरी आल्यावर हवा बदला.

सर, पंपाचं राह्यलं. कोर काढा, टायरच्या दोन्ही कडांले साबणाचं पाणी लावा, जोरात मारा. ‘फट्’ असा आवाज दोनदा आला म्हणजे दोन्ही कडा बसल्या. मंग बोटानं व्हॉल्व्ह दाबून धरा अन् कोर लावा. नाही जमलं तर ट्रकचे पंचर काढते त्याच्याकडं जा, अडॉप्टर संगं न्या. पण त्याच्या टाकीत हवा १०० पीएसआयच्या वर असते. टायरवर लिहिलेल्या आकड्याच्या पुढं गेलं तर टायर रिमवरून उडते. मीटर पाहत, थोडी थोडी द्या.

धसकट

आर्वीकडची आहे, कृषी सहायक, रोज शेतातूनच जाणं. सीलंटवर सगळं सोपवू नका. तूर कापल्यावर जे तिरकं खुंट उरतं, ते टायरच्या बाजूला घुसलं तर ते भोक सीलंटनं मिटत नाही. बारीक रबरी दोरीचे प्लग आणि एक ट्यूब बॅगेत असू द्या. बाजू फाटली तर आतून खताच्या पोत्याचा दुहेरी तुकडा लावून ट्यूब टाका, घरापर्यंत येता येतं.

आणि ट्यूब टाकण्याआधी टायर आतून चाचपा. सीलंट चालू असेपर्यंत किती काटे आत मुक्कामाला आहेत हे आपल्याला कळतच नाही. मी एकदा तशीच ट्यूब कोंबली, शंभर पावलांत बसली.

दिग्रसचा मास्तर

आज रविवार, सगळं केलं. धसकटताई, तुमचं वाचून टायर आतून चाचपला: एकोणतीस टोकं. बाभळीची बहुतेक, सराट्याची सहा, आणि एक बोरीचा वाकडा काटा, जो पक्कडीलाही दाद देईना. सातवीतले दोघे मदतीला आले होते, त्यांनी मोजून फळीवर ओळीनं मांडले.

पंपानं टायर बसला नाही. रिमवरची हवा अडवणारी टेप व्हॉल्व्हजवळ उचलली गेली होती, हवा तिथूनच जात होती. ती बदलली, मग ट्रकवाल्याकडे दोन मिनिटांचं काम. त्यानं पैसे घेतले नाहीत, पण आत दूध कशाला ओतता म्हणून विचारलं.

सायकल आता टिनाखाली नाही, शाळेमागच्या कडुनिंबाखाली लावतो. तिथे मुंगळे आहेत, पण ते टायर खात नाहीत असं धरून चाललोय.

एकच राहिलं, पऱ्हाटीभाऊ. उरलेली अर्धी बाटली उन्हाळाभर कुठे ठेवू? घरात कूलरसमोर ठेवली तर बायको अमोनियाच्या वासानं बाहेर काढेल.

पऱ्हाटी

झाकण घट्ट लावा, वास येतच नाही. माठाच्या मागं ठेवा. पण बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर कोणी ताक म्हून पेइन.